विलंबाची कारणे

विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्यावर मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते अशा प्रश्नाची, मराठी ठरलेली असते. 'सन्माननीय शिक्षणमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' या शब्दांनी तिची सुरुवात होते. मग कंसातल्या आकड्यांनी पाडलेले भाग येतात. पहिल्या भागात घडलेली गोष्ट सांगून शेवटी 'हे खरे आहे काय' असे विचारलेले असते, दुसऱ्यात 'असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय', तिसऱ्यात 'असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे', आणि विषय खताच्या तुटवड्याचा असो की पडलेल्या वाड्याचा, शेवटचा भाग बहुधा एकच असतो: 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' ही मराठी मी जवळजवळ दहा वर्षे टंकयंत्रावर लिहिली. पुण्याच्या पेठांतून निवडून आलेल्या एका आमदारांची मी टंकलेखिका होते. आमदार म्हटल्यावर आज लोकांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते ते मला ठाऊक आहे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र अजूनही आधी येतो तो दोन कार्बन घालून यंत्रात चढवलेला कागद आणि त्याच्या तळाशी येणारी ती ओळ.

त्यांचे नाव मी लिहिणार नाही. घरच्यांना ते रुचणार नाही, आणि मला जे सांगायचे आहे त्याला नावाची गरजही नाही. राजकारणात येण्याआधी ते शाळेत शिकवत असत, त्यामुळे सगळी पेठ त्यांना 'सर' म्हणे, विरोधकसुद्धा. 1980 च्या दशकाच्या मध्यावर मी मराठी टंकलेखनाची मिनिटाला 40 शब्दांची परीक्षा नुकतीच दिली होती आणि क्लासच्या गुरुजींनी मला त्यांच्याकडे पाठवले. मी एकवीस वर्षांची, ते पन्नाशीतले. तरी पहिल्या दिवसापासून ते मला 'अहो जाहो' करत. मी एकदा काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, म्हटले की मला अवघडल्यासारखे होते, तर त्या म्हणाल्या, "कामाच्या ठिकाणी ते कुणालाच अगं-अरे करत नाहीत. तू घरात आलीस की बघ." आणि खरोखरच, ओसरीवरचे काम संपवून मी माजघरात चहाला गेले की त्याच तोंडून 'अगं, पोहे घे' असे येई.

कार्यालय म्हणजे वाड्याची ती ओसरीच. सकाळी साडेसातपासून माणसे येऊन बसत. कुणाचे रेशनकार्ड अडलेले असे, कुणाच्या मुलाला शाळेत प्रवेश हवा असे. कुणाच्या वाड्याची भिंत पावसाने पोटातून फुगलेली आणि मालक-भाडेकरूंच्या भांडणात दुरुस्ती करायला कुणीच तयार नाही. कुणी म्हातारी संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाची पोच घेऊन येई. गटाराचे झाकण, नळाची गळती, रस्त्यावरचा दिवा अशी जी कामे नगरसेवकाची, तीही येत, आणि सर कुणालाही 'हे माझे काम नाही' असे म्हणत नसत. ते अर्ज वाचून होईपर्यंत मान वर करत नसत. मग मला मजकूर सांगत, मी तो लघुलेखनात उतरवून घेई आणि दुपारपर्यंत पत्र तयार करी. प्रत्येक पत्राला जावक क्रमांक असे. क्रमांक नसलेल्या पत्रावर ते सही करत नसत, कारण त्यांच्या मते ज्या पत्राचा माग काढता येत नाही ते पत्र पाठवणे म्हणजे अर्जदाराला फसवणे होते.

ओसरीवरच्या फडताळात दोन जाड पुठ्ठ्यांच्या फायली होत्या. एकीवर त्यांच्या शिक्षकी अक्षरात 'एकट्याचे' असे लिहिलेले होते आणि दुसरीवर 'सगळ्यांचे'. माणूस उठून गेला की ते त्याच्या अर्जावर क्षणभर हात ठेवून बसत, आणि मग तो कोणत्या फायलीत घालायचा ते सांगत. एका बाईंचे पेन्शन अडले तर ते एकट्याचे. पण तशाच तीन बायका एका पावसाळ्यात आल्या, तिघींचेही यजमान अनुदानित शाळांतून निवृत्त झालेले आणि तिघींचीही कागदपत्रे एकाच त्रुटीसाठी परत आलेली निघाली, की ते तीन अर्ज 'एकट्याचे'मधून निघून 'सगळ्यांचे'मध्ये जात. आमदाराचे काम काय, असे मला कुणी विचारले तर मी या दोन फायलींबद्दल सांगते. पहिली फाईल कुणीही भला माणूस चालवू शकतो. वजनदार कार्यकर्ता असेल तर आमदारापेक्षाही चांगली चालवेल. दुसरी फाईल मात्र ज्याला सभागृहात उभे राहून मंत्र्यांना विचारण्याचा अधिकार लोकांनी दिला आहे, त्यालाच चालवता येते.

त्या दुसऱ्या फायलीतला सर्वांत जाड गठ्ठा माझ्या स्वतःच्या आयुष्याशी जोडलेला होता. 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेने पुण्याच्या नदीकाठच्या पेठा धुऊन नेल्या. माझ्या आईवडिलांचे शनिवार पेठेतले बिऱ्हाड त्यात गेले. ते पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या वसाहतीत आले आणि माझा जन्म तिथलाच. घर मिळाले, पण घराखालची जमीन कुणाची, ती कोणत्या अटींवर दिली, त्या अटी कधी सुटणार, हे प्रश्न पूरग्रस्तांच्या गृहसंस्थांपुढे पुढे कित्येक दशके रेंगाळत राहिले. मी नोकरीला लागले तेव्हा पुराला पाव शतक होत आले होते. सरांनी मला पहिल्याच आठवड्यात तो गठ्ठा लावायला दिला. मी तिथली आहे हे त्यांना माहीत नव्हते, आणि मीही पुष्कळ दिवस सांगितले नाही, कारण मग तो अर्ज 'एकट्याचे'मध्ये जाईल अशी मला उगाच भीती वाटत होती.

त्याच गठ्ठ्यातून निघालेला पहिला प्रश्न टंकित करताना मी सरांची चूक दाखवायला गेले. त्यांनी शेवटच्या भागात सांगितले होते: 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत व ती केव्हा दूर होतील?' मी म्हटले, "सर, बाकी सगळ्या नमुन्यांत 'काय आहेत' इथेच वाक्य संपते. तुमचे शेवटचे पाच शब्द जास्तीचे झाले." ते म्हणाले, "बाई, कारणे विचारून मी थांबलो तर ते कारणे सांगून थांबतील. असू द्या ते पाच शब्द." त्यानंतर दहा वर्षांत त्यांचा एकही प्रश्न त्या पाच शब्दांवाचून गेला नाही. छापील यादीत कधी ते शब्द राहत, कधी गळत. गळले की सर पुढच्या वेळी पुन्हा लिहीत.

प्रश्न कागदावर उतरला म्हणजे विचारला गेला असे नव्हते. तो विहित नमुन्यात, विहित मुदतीत विधानमंडळ सचिवालयाकडे जाई. तिथे तो नियमांत बसतो की नाही हे पाहिले जाई, सोडतीत त्याचा क्रम ठरे, स्वीकृत झाला तर संबंधित विभागाकडे जाई आणि तिथून माहितीसाठी खाली खाली, जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कार्यालयापर्यंत उतरे. हा उतरण्याचा प्रवास मला पहिली दोन वर्षे कळलाच नव्हता. तो कळला त्या तीन बायकांच्या पेन्शनच्या प्रकरणात. अधिवेशन सुरू होण्याच्या आठवडाभर आधी तिघींपैकी सर्वांत वयस्क बाई ओसरीवर पेढे घेऊन आल्या. वर्षभर हलत नसलेली फाईल अचानक हलली होती आणि मागच्या थकबाकीसह रक्कम मंजूर झाली होती. पाठोपाठ उरलेल्या दोघींचेही पत्र आले. मग अधिवेशनात प्रश्न आला तेव्हा छापील उत्तर असे होते: एक, हे खरे नाही, दोन आणि तीन, प्रश्न उद्भवत नाही. मला भयंकर राग आला. वर्षभर तीन विधवांना हेलपाटे घालायला लावून आता प्रश्नच उद्भवत नाही म्हणतात, असे मी म्हटले. सर मात्र त्या दिवशी जितके आनंदात होते तितके मी त्यांना निकालाच्या दिवशीही पाहिले नव्हते. ते म्हणाले, "उत्तर लिहायची वेळ आली म्हणून कुणीतरी फाईल उघडली. उत्तर 'नाही' असे देता यावे म्हणून काम केले. आपल्याला आणखी काय हवे होते?"

मी स्वतः सभागृह एकदाच पाहिले. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडून सर सोमवारी मुंबईला जात, त्यांच्याबरोबर त्या दिवशी काकू आणि मी होतो. नरिमन पॉइंटचे विधान भवन 1981 साली वापरात आले, म्हणजे तेव्हा ते नवेच होते. प्रेक्षक गॅलरीतून खाली पाहिले तेव्हा आधी जाणवली ती गजबज. मग प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला आणि हळूहळू तिच्यातली शिस्त दिसू लागली. प्रश्नाचा क्रमांक पुकारला जाई, छापील उत्तर सर्वांच्या हातात आधीच असे, आणि लगेच उपप्रश्नांची सरबत्ती सुरू होई. खरी परीक्षा ती. छापील उत्तर अधिकारी लिहितात, उपप्रश्नाचे उत्तर मंत्र्यांना उभ्या उभ्या द्यावे लागते. सरांचा प्रश्न यादीत खाली होता. वरच्या दोन प्रश्नांवर गदारोळ झाला, घड्याळाचा काटा पुढे सरकला आणि तास संपला. अशा वेळी उरलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरे सभागृहाच्या पटलावर ठेवली असे समजले जाते, आणि उपप्रश्न विचारण्याची संधी जाते. महिनाभर जमवलेली माहिती, नकाशे, ठरावांच्या नकला घेऊन सर जागेवर बसून होते. परतीच्या गाडीत लोणावळ्यापर्यंत ते बोलले नाहीत. मग त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि तोच विषय अर्धा तास चर्चेत कसा आणता येईल याचा मजकूर सांगायला सुरुवात केली. गाडी हलत असल्यामुळे माझी लघुलिपी दुसऱ्या दिवशी मलाच लागेना.

सरांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली कॅम्पातल्या पोस्टाजवळच्या कौन्सिल हॉलचे एक छायाचित्र होते. आज त्या इमारतीला पुण्यात विधान भवन म्हणतात आणि तिथे बैठकांची लगबग असते. पण इंग्रजी अमदानीत गव्हर्नरसाहेबांचा मुक्काम पावसाळ्यात पुण्याला असे, आणि मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाचे पावसाळी अधिवेशन या इमारतीत भरे. गोपाळ कृष्ण गोखले 1899 साली मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले. दोन वर्षांनी सरकारने जमीनमहसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आणली, जिच्यामुळे शेतकऱ्याचा आपल्या जमिनीवरचा हक्क आकसणार होता. तेव्हा फिरोजशहा मेहतांबरोबर सभात्याग करणाऱ्यांत गोखले होते. विधेयक मंजूर झालेच, कारण सरकारनियुक्तांचे बहुमत ठरलेलेच होते. हरणार हे माहीत असलेल्या माणसाने आकडे जुळवून, अभ्यास करून बोलावे की नाही, हा प्रश्न सरांना त्या छायाचित्राकडे पाहून पडत असावा. सप्टेंबर 1937 मध्ये पुण्यातल्या अधिवेशनातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती, म्हणजे कोकणातली सारावसुलीची वतनी पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या कायद्याने. आणि त्याही आधी, 4 ऑगस्ट 1923 रोजी, सीताराम केशव बोले यांचा ठराव कायदेमंडळाने मंजूर केला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात. ठराव कागदावर राहिला असे लोक म्हणत राहिले. पण महाडच्या नगरपालिकेने तोच ठराव धरून तळे खुले केले, आणि 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांच्या मागे कायद्याचा म्हणून जो आधार होता तो एका सदस्याने मांडलेल्या त्या ठरावाचा होता. ठराव मांडणे आणि पाणी ओंजळीत घेणे या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे सर आधी सांगत. पण ते अंतर कापायला कुठून तरी सुरुवात झालेली असते, हेही सांगत.

त्यांचे सगळ्यांत आवडते उदाहरण मात्र वि. स. पागे यांचे होते. सरांचा आणि पाग्यांचा पक्ष एक नव्हता, म्हणून मी हे मुद्दाम लिहिते. पागे 1960 पासून 1978 पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या हातात खाते नसते, अंदाजपत्रक नसते, बदल्या नसतात. अशा खुर्चीत बसून या माणसाने हाताला काम मागणाऱ्याला सरकारने काम दिलेच पाहिजे हा विचार लावून धरला, 1969 साली सांगली जिल्ह्यातल्या आपल्या विसापूर भागात त्याचा प्रयोग सुरू करवला, आणि 1972 च्या दुष्काळाने त्या विचाराची निकड साऱ्या महाराष्ट्राला पटवली. शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला तो या योजनेसाठी. 1977 साली कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला, आणि 2005 साली देशभराचा रोजगार हमी कायदा झाला तेव्हा त्याच्या मुळाशी महाराष्ट्राचा हा अनुभव होता. माझ्या पहिल्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला तेव्हा मी कुरकुरले. सरांनी पाऊण तास मला पाग्यांची गोष्ट सांगितली आणि त्या दिवशीची पत्रे राहिली ती राहिलीच.

पुण्याच्या शुक्रवार पेठेतून निवडून आलेल्या रामभाऊ म्हाळगींची गोष्ट तर त्यांच्याच गल्लीतली. म्हाळगींनी मतदारांना आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून देण्याची पद्धत पाडली, आणि आणीबाणीत येरवड्याच्या तुरुंगात असतानाही सभागृहासाठी प्रश्न पाठवणे सोडले नाही. सरांना त्यांचे राजकारण मान्य नव्हते; पण अहवालाची पद्धत त्यांनी जशीच्या तशी उचलली. दर वर्षी सोळा पानांची पुस्तिका निघे. तिच्यात किती प्रश्न पाठवले, किती स्वीकारले गेले, किती पुकारले गेले आणि किती आश्वासने मिळाली याचा हिशेब असे. पुरी झालेली आश्वासने वेगळ्या रकान्यात असत आणि तो रकाना नेहमी आखूड असे. कार्यकर्ते म्हणत, हा रकाना तरी गाळा. सर तो गाळत नसत. पुढे ते आश्वासन समितीवर गेले, जिचे कामच मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करण्याचे असते, तेव्हा त्यांना मंत्रिपद मिळाल्यासारखा आनंद झाला होता.

मी नोकरीला लागले त्याच सुमारास, 1985 साली, पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची घटनेत आली. मला ती आवश्यक वाटत आली आहे. त्याआधीचे 'आयाराम गयाराम' घरोघर माहीत होते. पण तिच्यामुळे सदस्याच्या हातातले काय गेले आणि काय राहिले, ते मला सरांमुळे दिसले. मतदानाच्या वेळी पक्षादेश निघतो आणि सदस्याला तो पाळावा लागतो. विधेयकावर तो पक्षाचा एक हात असतो. प्रश्न मात्र त्याचा स्वतःचा असतो. सत्ताधारी बाकावरचा सदस्यही स्वतःच्या सरकारला तारांकित प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना, देऊ शकतो. विधानसभेत 288 सदस्य, विधान परिषदेत 78. इतक्या माणसांत आपण एकटे म्हणून काय करू शकतो, याचे उत्तर त्या चार-पाच भागांच्या कागदात आहे. म्हणून मला आजही वाटते की आमदाराचे चरित्र लिहायचे असेल तर त्याच्या प्रश्नांपासून लिहावे. तो कुणाच्या गाडीत बसला आणि कुणाच्या गाडीतून उतरला, यावरून नव्हे.

सर दुसऱ्यांदा निवडून आले आणि तिसऱ्यांदा पडले. पडण्याची कारणे मोठी मोठी सांगितली गेली, लाट होती असेही म्हटले गेले, आणि त्यात तथ्य असेल. मला प्रचारात दारोदार फिरताना जे ऐकायला मिळाले ते असे: "सर चांगले आहेत हो, पण दिसत नाहीत." एका घरात, ज्यांच्या वाड्याच्या भिंतीसाठी सरांनी दोन वर्षे पत्रे लिहिली होती, तिथल्या वहिनी डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या की आमच्या मुलीच्या लग्नाला ते आले नाहीत. मी त्या रात्री नोंदवही काढून तारीख पाहिली. लग्न डिसेंबरातले होते. 1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला होते, ते हिवाळ्यात, आणि लग्नसराईही तेव्हाच. सर त्या दिवशी नागपुरात, सभागृहात होते. त्यांचे आमदार निवासातून आलेले आंतरदेशीय पत्रही फायलीत होते. त्या वहिनींच्याच पेठेतल्या पडक्या वाड्यांविषयीच्या लक्षवेधीसाठी कोणते कागद पाठवायचे, याची यादी त्यात होती. ज्या दिवसात पाच लग्ने, दोन बारशी आणि एक दहावा गाठता येतो, त्या दिवसात सभागृहात बसणारा माणूस मतदारसंघात दिसत नाही. ते वहिनींना मी समजावून सांगायला हवे होते. सांगितले नाही. त्या रडत होत्या आणि मला त्यांचेही खोटे वाटत नव्हते. आपल्या घरच्या कार्याला आपला माणूस यावा असे वाटण्यात चूक काय आहे? पण दोन्ही ठिकाणी एकाच वेळी असणे माणसाला शक्य नसते, आणि कोणत्या गैरहजेरीची शिक्षा द्यायची हे आपण मतदार ठरवतो. सभागृहातल्या गैरहजेरीची शिक्षा दिल्याचे मी अजून एकदाही पाहिलेले नाही.

निकालानंतरच्या रविवारी सरांनी मला ओसरीवर बोलावले. 'एकट्याचे' फाईल त्यांनी स्वतःकडे ठेवली. "त्याला आमदारकी लागत नाही," असे ते म्हणाले, आणि खरोखरच पुढे बारा-तेरा वर्षे, हात थरथरायला लागेपर्यंत, ते पत्रे लिहीत राहिले. जावक क्रमांक मागच्या क्रमांकाला जोडूनच चालू राहिले. 'सगळ्यांचे' फाईल मात्र त्यांनी माझ्याकडून नीट लावून घेतली. प्रत्येक विषयाला एक टिपण, सोबत आतापर्यंतची उत्तरे, मिळालेली आश्वासने, आणि ज्यांवर पुढच्या अधिवेशनात विचारता येईल असे तयार प्रश्न. वीस-बावीस प्रश्न मी दोन दिवसांत टंकित केले. मग ती फाईल पिशवीत घालून ते ज्यांच्याकडून हरले होते त्यांच्या कार्यालयात एकटेच चालत गेले. मला बरोबर येऊ दिले नाही. परत आले तेव्हा पिशवी रिकामी होती. तिथे काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही, आणि कार्यकर्त्यांना हे कळले तेव्हा त्यांपैकी काहींनी त्यांच्याकडे येणे सोडले.

सांगोल्याहून अकरा वेळा निवडून गेलेले गणपतराव देशमुख एसटीने प्रवास करत, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे आणि ते सांगताना लोकांचे डोळे चमकतात. तो साधेपणा मोठाच. पण अकरा वेळा निवडून गेलेल्या माणसाने सभागृहात पाण्याविषयी, दुष्काळी भागाविषयी वर्षानुवर्षे जे मांडले, ते किती जणांनी वाचले आहे? आमच्या सरांबद्दलही शेवटी साधेपणाच सांगितला गेला. ते गेले त्यानंतरच्या अधिवेशनात शोकप्रस्ताव मांडला गेला. जन्म, शिक्षण, शिक्षकी पेशा, दोन वेळा विधानसभेचे सदस्य, समितीचे काम, साधी राहणी. मग सदस्य स्तब्ध उभे राहिले. त्याची प्रत काकूंकडे आली. काकूंनी ती दोनदा वाचली आणि मला विचारले, "यात त्यांचे प्रश्न कुठे आहेत?"

त्या एका वाक्यामुळे मी मागच्या पावसाळ्यात एका जुन्या ग्रंथालयात विधानसभेच्या कामकाजाचे खंड काढून बसले. सरांच्या दोन्ही कार्यकाळांतले, नावाच्या सूचीवरून, एकेक पान शोधत. पेन्शनचा प्रश्न सापडला, 'प्रश्न उद्भवत नाही' या उत्तरासकट. मी गेले होते त्या दिवशीचा, न पुकारलेला प्रश्नही सापडला. काकूंसाठी नकला काढून झाल्या आणि मी खंड परत द्यायला उठले. कशासाठी कोण जाणे, त्यानंतरच्या कार्यकाळाचा पहिला खंड मागून घेतला आणि सूचीत सरांना हरवणाऱ्यांचे नाव पाहिले. त्यांच्या नावापुढे पानांचे आकडे होते. त्यातल्या पहिल्याच पानावर पानशेत पूरग्रस्तांच्या गृहसंस्थांच्या जमिनींविषयीचा तारांकित प्रश्न होता. पहिल्या भागातली लांबलचक वाक्यरचना वाचतानाच माझ्या बोटांना ती ओळखीची वाटली. खाली सरकत मी शेवटच्या भागावर आले. तिथे छापले होते: 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत व ती केव्हा दूर होतील?'